परत आलेला रंग

पाऊस लागला की माझ्या पडद्यावरचा समुद्र नाहीसा होतो. उपग्रह ठरल्या दिवशी येतो, कोकणच्या किनाऱ्यावरून जातो, चित्र काढून पाठवतो, आणि त्या चित्रात असतात ढग. पिंजलेला कापूस पसरून ठेवल्यासारखे नुसते ढग. बेळगावजवळ, मच्छे गावच्या औद्योगिक वसाहतीत, लेथच्या एका कारखान्याच्या माडीवर माझं ऑफिस आहे. खाली दिवसभर लोखंड कातलं जातं आणि वर मी ढग उघडते, बघते, बंद करते. पावसाळाभर हेच. पाण्याखाली काय चाललंय ते मला दिसत नाही. ज्या माणसावर मी डोळा ठेवून आहे, त्यालाही दिसत नाही, एवढंच काय ते समाधान.

याच ढगांत, भाद्रपदात, बोरगावात आमच्या घरी दशलक्षण पर्व असतं. आई दहा दिवस एक वेळ जेवते. आप्पा सकाळी उठून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन बसतात. पर्व संपलं की क्षमावली. वर्षभरात ज्यांना दुखावलं असेल त्यांची क्षमा मागायची, ज्यांनी आपल्याला दुखावलं त्यांना ती द्यायची. पूर्वी घरोघर जायचे, आता फोन लावतात. आप्पा चिकोडीकडच्या पाहुण्यांशी कन्नडमध्ये बोलतात, कोल्हापूरकडच्यांशी मराठीत, आणि दोन्हीकडं शेवटी तेच दोन शब्द: उत्तम क्षमा. मीही फोन लावते. भाड्यावरून ज्याला घाम फोडला त्या कारखान्याच्या मालकाला लावते, भांडलेल्या गिऱ्हाइकांना लावते, न बोलणाऱ्या चुलतभावालाही लावते. एक फोन तेवढा मी कधीच लावत नाही. त्या माणसाचं नाव इनामदार. मी त्यांना अजून सर म्हणते. तोंडाची सवय जात नाही, आणि पोटातला रागही जात नाही.

आमच्या भागात गुरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जातो, बोटं धरून भाव सांगितला जातो, बोटं दाबून नाकारला जातो. भोवतीच्या माणसांना फक्त दोन चेहरे दिसतात. आप्पा बैल बघायला जाताना मला बरोबर न्यायचे. पोरीचा हात रुमालाखाली जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मी चेहरे वाचायला शिकले. मिशीचं टोक कधी हलतं, नजर बैलावरून जमिनीवर कधी येते, हे बघून मी घरी येताना आप्पांना सांगायची की समोरचा अजून उतरला असता. आप्पा म्हणायचे, ‘‘गप गं. तुझ्या नवऱ्याचं काय खरं न्हाय.’’

वर झाकण असताना खाली काय झालं ते बाहेरून ओळखायचं, पुढं हाच माझा धंदा झाला. एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात मला खुर्ची मिळाली होती. उपग्रहाच्या चित्रावरून दीड वर्षाचा आडसाली ऊस कुठं आणि तोडल्यावर परत फुटलेला खोडवा कुठं, हे मी तिथं ओळखायला शिकले. शेतकऱ्यानं नोंद एक केलेली असायची आणि शेतात उभं दुसरंच असायचं. वरून सगळं दिसायचं. काम येतंय म्हटल्यावर मी नोकरी सोडली आणि स्वतःचं टाकलं. कुणी हात दिला नाही, म्हणून कुणाचं ऐकूनही घेतलं नाही. माझ्याशी दर ठरवायला येणारी माणसं जिना चढून आली की आधी पाणी मागतात, असं खालचे लेथवाले म्हणतात.

इनामदार सरांनी मात्र पाणी मागितलं नाही. बेळगावातल्या जुन्या, शिकलेल्या घरातला माणूस. समुद्रातल्या जीवांवर संशोधन करणारा, स्वतः पाण्यात उतरणारा. किनाऱ्यापासून थोडं आत एक खडकाळ बेट आहे, त्याच्या भोवती उथळ पाण्यात प्रवाळ आहे, त्याचा नकाशा हवा होता. प्रवाळ म्हणजे पोवळं, एवढंच मला माहीत होतं. आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही आणि समुद्र मी शाळेच्या सहलीत बघितलेला. तरी मी दरासाठी तासभर भांडले. सर हसत होते. दर माझ्या मनासारखा झाला. नकाशावरच्या नावाबद्दल मी एक शब्द काढला नाही, कारण आमच्याकडं वखारीत तंबाखूची थप्पी लागली की तिच्यावर ज्याच्या शेतातला माल त्याच्या नावाची चिठ्ठी लागतेच. ती कुणी मागून घेत नाही.

आंबोलीचा घाट उतरून मी पहिल्यांदा त्या बेटाशी गेले, तेव्हा होडीवाल्यानं तळाला काच बसवलेला डबा पाण्यावर धरला आणि मला वाकून बघायला लावलं. आईच्या मंगळसूत्रातल्या पोवळ्यासारखं लाल काहीतरी दिसेल म्हणून मी वाकले. खाली सगळं तपकिरी. कुठं फांद्यांसारखं, कुठं उपड्या पातेल्यासारखं, पण तपकिरी. मी नाक मुरडलं. सरांनी मला समजावलं की तो रंग प्रवाळाचा स्वतःचा नाही. त्याच्या अंगात बारीक शैवाल राहतं, त्याचा तो रंग आहे. ते शैवाल त्याला खायला घालतं. पाणी फार तापलं की दोघांचं बिनसतं, शैवाल निघून जातं, आणि प्रवाळ पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, उपाशी. माणूस हुशार होता आणि शिकवायचाही जीव लावून. तसा नसता तर माझा राग इतकी वर्षं टिकलाच नसता.

मग तो उन्हाळा आला. आमच्याकडं तंबाखू निघून गेला होता, रानं मोकळी पडली होती, बोरगावच्या रस्त्यावर उन्हाची झळ नुसती थरथरत होती. आणि तिकडं समुद्र तापला. सकाळी ऑफिसात आले की मी नवं चित्र आलं का बघायची. वारा असेल तर लाटांवर ऊन चमकून चित्र वाया जायचं. भरती असेल तर पाण्याचा थर जाड व्हायचा. पाणी आधी तांबडा उजेड गिळतं, मग बाकीचा, म्हणून खोली धरून तो थर हिशेबानं वजा करावा लागतो, तेव्हा कुठं तळाचा खरा रंग हाती येतो. चित्रातला एक ठिपका म्हणजे आमच्या घरापुढचं खळं. तेवढ्या जागेत काय काय आहे ते एका रंगावरून सांगायचं.

वैशाख लागला आणि ठिपके उजळायला लागले. आधी बेटाच्या दक्षिणेला, मग सगळीकडं. नवशिका असता तर वाळू सरकली म्हणाला असता. मी महिन्यामहिन्याची चित्रं एकावर एक ठेवून बघत होते. वाळू हलते, हे जागच्या जागी पांढरं होत होतं. खरं सांगू, ते दिसायला सुंदर होतं. निळ्या पाण्यात चांदी सांडल्यासारखं. मला जेवण गोड लागेना. आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले की पोवळं हा आपल्या शास्त्रात पृथ्वीकाय जीव, दगडामातीच्या कुळातला, पण जीवच. त्याला कुणी मुद्दाम मारत नाही आणि तरी तो मरतो, याचं पाप कुणाच्या माथी, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, मला नकाशा करायचाय, पापाचं तुम्ही बघा.

आणि मग ढग आले. बाजारातला रुमालच म्हणा. खाली जो काय सौदा व्हायचा तो झाला.

पावसाळा सरल्यावर पहिलं निर्मळ चित्र उघडलं, तर सगळं परत तपकिरी. मी फोन करायच्या आधीच सरांचा फोन आला. त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. प्रवाळ सावरलं, पद्मा, म्हणाले, एका पावसाळ्यात सावरलं. मी चित्र मोठं करून बघत होते आणि मला ते पटत नव्हतं. प्रवाळाचा रंग परत येतो तेव्हा विस्कटलेला येतो, जे वाचलं तिथं थोडा, जे गेलं तिथं नाही. हा रंग एकसारखा होता, भिंतीला रंगाचा हात मारल्यासारखा. मरून पडलेल्या प्रवाळावर शेवाळ चढलं की वरून असंच दिसतं. वखारीत सुकलेल्या पानावर पाणी मारून कुणी रंग आणला, तर तो असाच सगळीकडं एकदम येतो. त्यावर उपाय एकच, थप्पीच्या मधून पान ओढायचं. मी सरांना म्हटलं, ‘‘सर, हा रंग लई एकसारखा हाय. एकदा पाण्यात उतरून बघा, मग सांगा लोकांस्नी.’’

सर म्हणाले, ‘‘तुला प्रत्येक गोष्टीत तंबाखूच दिसतो का गं?’’

त्या दिवसांत समुद्राला लाटा होत्या, होडी जात नव्हती, आणि त्यांच्या भाषणाची तारीख ठरलेली होती. मी नकाशात त्या सगळ्या तपकिरी पट्ट्यावर शेवाळाचा रंग भरून पाठवला.

भाषण बेळगावातच होतं. मी आप्पांना घेऊन गेले. आप्पांनी धुतलेली टोपी घातली होती. पडद्यावर माझा नकाशा आला. पाण्याचा निळा मी निवडलेला, वाळूचा पिवळा मी निवडलेला, बेटाची किनार मी हातानं ओढलेली. फक्त शेवाळाच्या हिरव्या पट्ट्याचा रंग बदलून तिथं लिहिलेलं होतं: जिवंत प्रवाळ. खाली एकच नाव, सरांचं. शेवटी त्यांनी बेळगावातल्या एका संगणक केंद्राचे तांत्रिक मदतीबद्दल आभार मानले. ते केंद्र म्हणजे मी. टाळ्या झाल्या. आप्पांनीही वाजवल्या, सगळ्यांच्या नंतरही दोनतीन जास्त.

बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘‘आप्पा, माझं नाव कुठं हुतं?’’

‘‘असंल की गं खाली कुठं बारीक अक्षरात,’’ आप्पा म्हणाले. ‘‘माझा चष्मा घरात ऱ्हायला न्हवं का.’’

चष्मा त्यांच्या खिशात होता. मला दिसत होता.

मी परत आत गेले आणि चहाच्या टेबलापाशी, चारचौघांच्या देखत, तोंडाला येईल ते बोलले. लोकांनी कप खाली ठेवले. सरांनी ठेवला नाही. मी दमल्यावर ते अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘नकाशा कुणीही करतं, पद्मा. अर्थ लावतो त्याचं नाव असतं.’’

माणूस ओरडला असता तर मी विसरले असते. ओरडणाऱ्यांत माझा जन्म गेलाय.

त्या वाक्याला आता बरीच वर्षं झाली. प्रवाळ सावरलं म्हटल्यावर बेटाकडं पर्यटकांच्या होड्या वाढल्या. मी वरून मोजत नव्हते, तरी दिसायच्या, पाण्यावर पांढऱ्या तिळासारख्या. जिथं त्या थांबायच्या तिथं नांगर पडायचे. सरांचं नाव मोठं होत गेलं. त्या बेटाची गोष्ट कुठं कुठं सांगितली गेली. आणि मी काय केलं? मी बघत राहिले. कुणी काम दिलेलं नाही, कुणी विचारलेलं नाही. उसाच्या चित्रांचं काम उरकलं की मी ते बेट उघडते. उन्हाळा, ढग, निर्मळ आकाश, परत उन्हाळा. पाण्याचा थर वजा करते, रंग बघते, मागच्या चित्राशेजारी ठेवते. माझ्याइतकी त्या पाण्याची न चुकता राखण दुसऱ्या कुणी केली नसेल. लोकांना वाटेल निसर्गाचं प्रेम. प्रेमाला मधे सुट्टी लागते, माझ्या रागाला कधी लागली नाही.

तो पट्टा तसाच होता, हात मारल्यासारखा एकसारखा तपकिरी. ठिपका न् ठिपका एका रंगाचा. दर वर्षी पावसाळ्यानंतरचं पहिलं चित्र उघडताना मी आधी तो बघायची, तसाच आहे म्हटल्यावर मला बरं वाटायचं. काय बरं वाटायचं, हे मी फार खोल विचारायला गेले नाही. दुपारचा डबा त्या दिवशी मी चवीनं खायची एवढं खरं.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी, ढग यायच्या आधी एक चित्र मिळालं. वारा नाही, ओहोटी, पाणी काचेसारखं. उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथं होड्या जात नाहीत तिथं, थोडे ठिपके वेगळे होते. एक गडद, शेजारचा फिका, परत गडद. विस्कटलेले. मी आधीची चित्रं काढून बघितली. मागच्या वर्षीही त्याची सुरुवात होती, माझ्या नजरेतून निसटलेली. जिवंत प्रवाळ असं दिसतं. मी खुर्चीत मागं टेकले आणि माझ्या मनात पहिला विचार जो आला तो असा: हे मरू दे. पट्टा सगळा मेलेला असला तर सर पुरते खोटे. कोपरा जगला तर म्हणतील, बघा, सावरतंय, मी म्हणतच होतो. खाली लेथवर कुणीतरी पोलाद कातत होतं, त्याचा करकर आवाज माडीभर भरला होता. माझ्या आईनं आयुष्यात मुंगीवरून पाय टाकला नाही. तिची पोरगी माडीवर बसून समुद्रातल्या मूठभर जीवांचं मरण मागत होती.

मग ढग आले आणि कोपरा झाकला गेला.

आणि यंदाच्या क्षमावलीला, बोरगावात, मी कट्ट्यावर बसून फोन लावत असताना सरांचाच फोन आला. आप्पा शेजारी होते. सर एकदा आमच्या घरी जेवून गेले होते, त्यामुळं त्यांना दिवस ठाऊक होता. ते जैन नाहीत, तरी त्यांनी पहिल्यांदा तेच शब्द उच्चारले, उत्तम क्षमा. आवाज म्हातारा झाला होता. मी त्यांनाच पुढं बोलू दिलं. रुमालाखाली हात गेला की पहिल्यांदा बोट हलवायचं नसतं.

मग ते कामाकडं आले. पाऊस सरला की बाहेरचे पाणबुडे त्या बेटाशी उतरणार आहेत. जुन्या नकाशावर कुणीतरी शंका घेतली आहे. पट्ट्यात काय जिवंत आणि काय मेलेलं, ते हातानं बघणार आहेत. सर म्हणाले की तो नकाशा खरं तर आपण दोघांनी केलेला, माझं नाव त्यावेळी राहून गेलं, ते त्यांना कायम टोचत आलंय. आता सुधारून देताना पहिलं नाव माझं घालायचं त्यांच्या मनात आहे. तू नुसतं हो म्हण.

टाळ्या वाजल्या तेव्हा राहून गेलेलं नाव चूक सापडायच्या आधी बरोबर आठवलं. आप्पांना सरांचं बोलणं ऐकू जात होतं. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, घे म्हणून. त्यांना त्या पडद्यावर माझं नाव बघायचं होतं. या वेळी चष्मा लावून.

मी म्हटलं, ‘‘नकाशा कुणीही करतंय, सर. अर्थ लावतो त्याचं नाव असतंय. तुमचंच ऱ्हाऊ दे.’’

मग सरांनी विचारलं, अगदी हळू, त्या चहाच्या टेबलाजवळच्यासारखंच, की तू अजून ते बेट बघतेस का. तिथं काहीतरी जिवंत आहे का.

या प्रश्नाचं उत्तर त्या घडीला सगळ्या जगात एकट्या माझ्याकडं होतं. उत्तरेचा कोपरा म्हटलं असतं, तर पाणबुडे उतरायच्या आधी सरांना टेकायला एक जागा मिळाली असती. दोन शब्दांचं काम. अशा सौद्याची मी वर्षानुवर्षं वाट बघितली होती, आणि आता भाव करावा असं त्यांच्याकडं काहीच नव्हतं.

‘‘आत्ता ढग हायती, सर,’’ मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

पाणबुड्यांना मी कोपरा दाखवणार आहे. नकाशा त्यांना देणार, माझ्या नावाचा, शेवाळाच्या जागी शेवाळ आणि कोपऱ्यात प्रवाळ दाखवलेला, आणि तिथं नांगर पडू देऊ नका म्हणून सांगणार. त्यांनाच सांगणार, सरांना नाही. सरांनी तो इतरांसारखा पडद्यावर बघावा, खुर्चीत बसून.

आप्पा म्हणाले, ‘‘आज तरी क्षमा मागायची हुतीस गं. सगळ्या जिवांची मागायची असती.’’

‘‘मागिटली की, आप्पा.’’

‘‘कुणाची?’’

अंगणावर ढगाचा काळोख उतरला होता. बस्तीतून बायका परतत होत्या, दारादारांत थांबून एकमेकींपुढं हात जोडत होत्या. उत्तरेच्या कोपऱ्यातल्या त्या थोड्या ठिपक्यांची, मी म्हटलं. त्यांचं मी वाईट चिंतलं होतं. आप्पांना त्यातलं काही समजलं नाही. ते पुढच्या नावाची वाट बघत राहिले. मी पुढचं नाव घेतलं नाही.